कुणात न मिसळणारा मुलगा

सेक्रेटरी नंदकिशोर सावे यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि माईककडे तोंड करून सांगितलं, "शांत मुलगा होता. कुणात मिसळायचा नाही."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या नलिनीताई सामंतांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. होता म्हणजे? पोरगा कोठडीत आहे, भिंतीवरच्या फोटोत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुनंदा घाडीचा हा केयूर, वय तेवीस. परवा पवईतल्या एका भाड्याच्या खोलीतून पोलिसांनी चौघांना उचललं, त्यांतला एक. कुठल्याशा सरकारी खात्याच्या संगणकात शिरून त्यांनी म्हणे लाखो लोकांची माहिती चव्हाट्यावर मांडली होती. टोळीने स्वतःचं नाव 'शून्य प्रहर' ठेवलं होतं, हे वाहिन्यांना फारच आवडलं. त्यांनी त्या नावाला संगीतही दिलं. दोन दिवसांत पंतनगरच्या नाक्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे फाशी द्या, दुसरा म्हणे सरकारी नोकरी द्या. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून केयूरला काढायचा ठराव सावेंनी मांडला, तो एकमताने मंजूर झाला, आणि मग लक्षात आलं की ग्रुपचा ॲडमिन केयूरच आहे.

आता तळमजल्यावरची सुलक्षणा पदर सारखा करून पुढे झाली.

"आम्ही तर त्याचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही."

नलिनीताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आवाज ऐकलेला नाही? हिच्याच परदेशातल्या नातवाला फोनच्या पडद्यावर आणून देताना केयूर तासतासभर बडबडत बसायचा. जिन्यात भेटला की दहा मिनिटं गेलीच समजा. त्याच्या हाताखालून गेला नाही असा फोन या इमारतीत नव्हता. आणि आज सगळ्यांचीच वाचा बसली. उद्या पोराच्या जामिनाचं कोर्टात ठरणार. वर बंद दाराआड सुनंदा हे सगळं टीव्हीवर बघत असणार. एकानेही त्याच्या बाजूने बोलू नये?

त्या तीन पायऱ्या उतरल्या.

"मी बोलते."

"या ना मॅडम, या," माईकवाली मुलगी म्हणाली. "लाइव्ह आहे हां."

"हे सगळे खोटं बोलतायत. केयूर घुमा वगैरे काही नाही. त्याच्याएवढे मित्र अख्ख्या कॉलनीत कुणाला नसतील. ते पवईचे तिघे, त्यांना तोच घरी घेऊन यायचा. मी स्वतः घावणे करून घातलेत चौघांना."

मागे सावे खोकले. मग पुन्हा, जरा मोठ्याने खोकले.

"आमचे फोन, पेन्शन, सगळं त्याच्या हातात. माझा पासवर्ड मला माहीत नाही, त्याला तोंडपाठ आहे. पण कधी एवढंसुद्धा वाकडं केलं नाही त्याने. हुशार आहे हो. त्या तिघांना अक्कल तोच शिकवायचा."

"नलिनीताई, तुमचं दूध उतू चाललंय," सुलक्षणा म्हणाली.

"मी दूध ठेवलेलंच नाही," नलिनीताई म्हणाल्या, आणि आणखी दोन मिनिटं बोलल्या.

घरी येऊन त्यांनी पंखा लावला, त्या पाणी प्यायल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. चार वाजता टीव्हीवर तांबडी पट्टी आली: 'शून्य प्रहर'चा म्होरक्या केयूरच? शेजाऱ्यांचे पासवर्ड तोंडपाठ! वृद्धेचा गौप्यस्फोट! नलिनीताईंनी चष्मा पुसला आणि पट्टी फिरून येण्याची वाट पाहिली. ती तशीच आली.

पाचच्या सुमाराला सुनंदा दारात उभी राहिली.

"ये गो, बस."

ती बसली नाही.

"काकू, सकाळी मीच फिरले घरोघर. वकील म्हणाले, पोरगा एकलकोंडा आहे, त्या तिघांशी त्याची धड ओळखही नाही, असं सांगू कोर्टात. म्हणून एकेकाच्या पाया पडले, तेवढंच बोला म्हणून. सावे तर तयारच नव्हते आधी."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही घरच्याच."

तेवढ्यात एक हवालदार जिना चढून वर आला.

"नलिनी सामंत आपणच ना, मॅडम? टीव्हीवर बोललात, ते जबाबात घ्यायचंय."

सुनंदा भिंतीला टेकली. नलिनीताईंनी त्याला खुर्ची दिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या या बाईला आजही इमारतीतल्या बावीस घरांचे नंबर पाठ होते, आणि चुकलेली तारीख त्या समोरच्याला तिथल्या तिथे दुरुस्त करून देत.

"केयूर घाडीला कधीपासून ओळखता?"

"कोण केयूर?"

हवालदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मोबाइल काढून ती चित्रफीत लावली आणि त्यांच्यासमोर धरली. नलिनीताईंनी ती शेवटपर्यंत पाहिली, मधूनमधून मान डोलावत.

"बाई छान बोलते," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

त्याने पेनाला टोपण लावलं. मग पुढे वाकून, आवाज चांगलाच चढवून, एकेक शब्द सुटा करत विचारलं,

"आजी, घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का?"