सरकीच्या पेटीतली गोठलेली माती

मी मातीचा गोळा बोलतोय. पण तुमच्या वावरातल्या काळ्या कसदार मातीचा नव्हे. पार उत्तरेला, जिथं उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच उठतो, तिथं जमिनीखाली दोन हातांवर मी हजारो वर्षं गोठून पडलो होतो. अंगात शेवाळ, गवताची मुळं, केव्हाकेव्हाची पानं. कुजायला ऊब लागते, ती कधी मिळालीच नाही. म्हणून त्या झाडापाल्यानं हवेतून घेतलेला कार्बन माझ्या पोटात तसाच राहिला. माझ्यात बारीक जीवाणूही होते. तेही निजलेले.

१९६१ साली इकडचे काही शेतकी प्राध्यापक तिकडे पाहणीला आले. त्यांतल्या भगवंतरावांनी मला मागून घेतलं. रुंद तोंडाच्या थर्मासात बसून, वाटेत बर्फ आणि मीठ बदलून घेत, मी डिसेंबरात बडनेऱ्याला उतरलो.

"साहेब, यात का हाय जी? कुल्फी?" हमालानं विचारलं.

"माती."

हमालानं थर्मास अंगापासून जरा लांब धरला.

अमरावतीच्या कॉलेजात मी शकुनच्या हवाली झालो. वय तेवीस, बी.एस्सी., प्रयोगशाळेत सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक. दार वाजलं तरी दचकायची. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायची, ओढून बघायची. अकोल्याला तिचे वडील जानराव कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि पाठच्या दोघी बहिणी शाळेत होत्या. जूननंतर नोकरी राहील की जाईल, ते भगवंतरावांच्या शिफारशीवर होतं.

भगवंतरावांनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे पाहा, कोळसा जाळून जाळून हवा हळूहळू तापते आहे असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. शंभर-दोनशे वर्षांत तिकडची जमीन वितळली, तर तिच्यातला कार्बन वायू होऊन वर येईल. मग हवा आणखी तापेल? फेब्रुवारीत नागपूरच्या परिषदेत मी ही माती सगळ्यांसमोर वितळवणार आहे. तोवर हिला ऊब लागता कामा नये. दुसरा गोळा मिळायचा नाही."

"हो सर," शकुन म्हणाली, आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

कॉलेजात फ्रिज नव्हता. मला काचेच्या बरणीत घालून बूच बसवलं. बुचातून एक नळी बाहेर काढून चुन्याच्या निवळीत सोडली. माझ्यातून वायू निघाला की निवळी पांढरी होणार. बरणी बर्फ-मीठ भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा मोठ्या लाकडी पेटीत. मधल्या जागेत लाकडाचा भुसा भरायचा, पण त्या आठवड्यात आरा मशीन बंद होती.

तेव्हा शकुनला युक्ती सुचली. सरकीला कापसाची लव असते, आणि कापूस ऊब धरतो तसा गारवाही धरीलच की! तिनं वडिलांना चिठ्ठी धाडली, दोन पोती सरकी पाठवा.

बर्फ आणणारे अब्दुल रहीम पेटीकडे बघतच राहिले. "बाई, सरकी तो म्हैस खाते. बर्फाले कोन घालते?"

"चाचा, हे शास्त्र आहे."

"असन, असन," म्हणून त्यांनी लादी ठेवली.

पंधरा दिवस बरे गेले. संक्रांतीला शकुन तीन दिवस आत्याकडे चांदूर रेल्वेला गेली. रहीमचाचा रोज सकाळी लादी टाकून जात. वितळलेलं पाणी काढणारी शकुन नव्हती; डबा भरून वाहत होता आणि पाणी सरकीत मुरत होतं, ते कुणी पाहिलं नाही. माझ्या चोहोबाजूंनी कसलीशी कुजबुज सुरू झाली. मग आयुष्यात पहिल्यांदा मला ऊब लागली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पोटातले निजलेले एकेक जागे झाले आणि त्यांनी जुनी पानं खायला घेतली.

मंगळवारी सकाळी शकुननं पेटी उघडली, सरकीत हात घातला आणि किंचाळली. सरकी गरम होती. बर्फाचं पाणी झालेलं, मी लगदा होऊन बसलेला, आणि निवळी दुधासारखी पांढरी.

तेवढ्यात जानराव दारात. एका हातात तिळगुळाचा डबा, खांद्यावर आणखी एक पोतं.

"म्हैस कुठी बांधली व?"

"कोणती म्हैस, बाबा?"

"दोन पोते सरकी मांगतली ना तुनं? मले वाटलं, पोरीनं पगारावर म्हैस घेतली."

शकुनला रडू फुटलं. जानरावांनी पोतं उतरवून पेटीत कोपरापर्यंत हात घातला. "ओली सरकी तापते, माय. जिनात ढिगाले पानी लागलं तर धूर निघते. कुजते म्हनून तापते, अन् तापते म्हनून आनखीन कुजते. एकदा सुरू झाली का मंग बाहेरून जाळ नाई लागत तिले."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं कुठी?"

रहीमचाचा नवी लादी घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, एवढं काय त्यात? सरकी फेका, निवळी बदला, बर्फ भरा. सांजेपर्यंत माती पुन्हा दगड. कोनाले समजते?"

आणि खरंच कुणाला समजलं नसतं. शकुनच्या डोळ्यांपुढे जून महिना आला, दोघी बहिणी आल्या. तिनं सरकी काढली, बर्फ भरला, मीठ घातलं. दुपारी मी पुन्हा टणक झालो. दिसायला अगदी तोच. पण माझ्या पोटातून जे गेलं होतं ते परत आलं नव्हतं.

ती निवळीची बाटली मोरीपाशी घेऊन गेली. तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मग बाटलीला बूच लावून तिनं तारखेची चिठ्ठी डकवली आणि नोंदवही उघडली. तीन दिवसांत काय झालं, ते सगळं लिहून काढलं.

भगवंतरावांनी ते पान दोनदा वाचलं.

"तुम्ही निवळी बदलली असती तर मला कळलं असतं?"

"नसतं, सर."

"मग कशाला लिहिलंत?"

"मातीतला बराच वायू आधीच निघून गेलाय, सर. नागपूरला निवळी जेमतेम पांढरी झाली असती. आणि सगळे म्हणाले असते, काळजीचं कारण नाही."

भगवंतरावांनी वही मिटली. मग चष्मा काढून म्हणाले, "पुढच्या नेमणुकीसाठी मी तुमचं नाव देऊ शकत नाही. समितीपुढे काय सांगू, सरकी?"

"हो सर," शकुन म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र जिन्यातच बसली.

नागपूरला भगवंतरावांनी माझ्याऐवजी तिचं पान वाचलं म्हणे. सरकीची गोष्ट आल्यावर लोक हसले. एक म्हातारे शास्त्रज्ञ तेवढे हसले नाहीत. ते पान त्यांनी उतरवून घेतलं.

त्याला आता पाच वर्षं झाली. शकुन बार्शीटाकळीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. धाकटी बहीण अकोल्याला कॉलेजात जाते. भगवंतरावांनी मला शकुनकडेच पाठवून दिलं. मी शाळेच्या कपाटात आहे, वाळून भुगा झालेला. इथल्या उन्हाळ्यांनी माझ्यात काही शिल्लक ठेवलं नाही.

माझी भावंडं मात्र अजून तिकडे निजलेली आहेत, क्षितिजापर्यंत पसरलेली, आणि मी एक ओंजळभर होतो. त्यांना जाग येईल ती तीन दिवसांत नाही. दर हिवाळ्याची थंडी कणभर उणी होत जाईल, तशी ती येईल, आणि तेव्हा किंचाळणारं कुणी जवळ नसेल.

म्हणून माणसांनो, मागणं एवढंच. आम्हांला आमच्या थंडीत राहू द्या. जागे झालो की आम्हांला एकच काम येतं, ओल्या सरकीसारखं कुजत जायचं आणि तापवत जायचं, आणि ते थांबवायचं कसं, हे आम्हांलाही ठाऊक नाही.