बाबांचा खलबत्ता आणि खतफा

माझ्या भावाला एक खोड आहे. जे त्याला येतं ते जन्मतःच येत होतं, असं तो समजतो. मी मुसब्बहला कडेवर खेळवलंय, त्याच्या तोंडातली वाळू बोट घालून काढलीय, त्यामुळे माझ्यापुढे हा तोरा चालत नाही. पण त्या वर्षी थंडीच्या तोंडाला तो किनाऱ्यावरून आमच्या वाळवंटातल्या तळावर परत आला तेव्हा मीसुद्धा गप्प झाले. त्याच्या मुठीवर ससाणी होती.

तीन दिवस तो वाळूत खड्डा करून, अंगावर झुडपं ओढून पडून राहिला होता. समोर पायाला दोरी बांधलेलं कबूतर. ससाणी कबुतरावर उतरली आणि यानं हळूच हात बाहेर काढून तिचे पाय धरले. पहिल्याच वर्षाची पोर होती ती, छातीवर तपकिरी उभे पट्टे, पंजे अजून फिकट. रिवाजाप्रमाणे तिच्या पापण्या एका दोऱ्यानं मिटलेल्या होत्या. मुसब्बहनं तिचं नाव ठेवलं खतफा, म्हणजे झडप.

बाबा तंबूच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे. वजन बघू दे."

"दमलीय ती, बाबा. नंतर."

नंतर म्हणजे कधी, ते त्यानं सांगितलं नाही. बाबांचे डोळे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं आमच्या सगळ्या तळांत पाखरू आजारी पडलं, बिघडलं, रुसलं की लोक उंटावरून बाबांकडे यायचे. आता त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, कॉफीचं. मी बिया भाजून द्यायची आणि बाबा पितळी खलबत्त्यात त्या कुटायचे. दोन घाव आत आणि एक काठावर, टण्ण. तो आवाज ऐकला की आजूबाजूच्या तंबूंतले पुरुष समजायचे, हुवैदिनच्या, म्हणजे बाबांच्या, घरी बोलावणं आहे. आमच्यात ज्याचा खलबत्ता वाजत नाही त्या घराला कंजूष म्हणतात, आणि बाबांना चिक्कार नावं ठेवली असतील लोकांनी, पण हे कधी नाही.

मुसब्बहनं खतफाचा अड्डा, म्हणजे वाळूत रोवलेला तो लाकडी खुंट, कॉफीच्या बैठकीतच ठेवला. पाखरू माणसांत बसलं की लवकर माणसाळतं. रोज दुपार कलली की बाबा कुटायचे, पाहुणे जमायचे, आणि सगळे बसले की मुसब्बह तिला मुठीवर घेऊन सशाच्या मांसाचे तुकडे भरवायचा. रोज थोडा थोडा दोरा सैल करून त्यानं तिचे डोळे उघडले, मग चामड्याचा बुरखा चढवला.

"आता तुम्हा दोघींनाही बुरखा," आमचा शेजारी घानिम मला म्हणाला. "फरक एवढाच की ती चोच मारत नाही."

"तू जवळ येऊन बघ, कोण मारतं ते कळेल," मी म्हटलं. घानिम आमच्या तळावरचा सगळ्यात जुना शिकारी, आणि जीभ त्याच्या पाखराच्या नखांहून धारदार.

बाबा पाखराला हात लावू शकत नव्हते, म्हणून मला विचारत बसायचे.

"कल्थम, पिसं घट्ट आहेत की सैल?"

"सैल."

"एक पाय वर घेतलाय का?"

"हो, पोटात दुमडलाय."

"बरं आहे मग. सुखात आहे पोरगी."

आधी मला कंटाळा यायचा. चूल मी बघायची, शेळ्या मी बघायच्या, वर ससाणीचे पाय मोजायचे! पण हळूहळू मला बाबांनी विचारण्याआधीच बघायची खोड लागली. ती मान कशी फिरवते, बुरख्यातून काय ऐकते, कुणाचं पाऊल ओळखते. एवढ्याशा डोक्यात चालतं तरी काय, हे मला कळेनासं झालं होतं आणि कळल्याशिवाय चैनही पडत नव्हतं.

एकदा सकाळीच लांबून एक पाहुणा आला. बाबांनी अवेळी कॉफी कुटायला घेतली. मुसब्बह उंटांमागे गेला होता, मांसाचा तुकडा घरात नव्हता. तरी तिसऱ्या टण्णला खतफानं पिसं अंगाशी आवळली, मान लांब केली आणि खुंटावर पाय बदलायला लागली. भूक लागल्यावर करते तसं अगदी. मी म्हटलं, अगं बाई, ही कुणाची वाट बघतेय? मालक नाही, जेवण नाही. संध्याकाळी मुसब्बहला सांगितलं तर म्हणतो, "तू शेळ्या सांभाळ." मीही मग बोलले नाही. गेला खड्ड्यात.

नंतर लांब दोरीवरचं शिकवणं सुरू झालं. दुपारच्या बैठकीच्या वेळीच, तंबूपासून शंभर पावलांवर, पायाला दोरी बांधून. मुसब्बह हुबाऱ्याच्या पंखांचा गठ्ठा फिरवायचा, "खतफा! खतफा, हो!" अशी हाक घालायचा, आणि ती सुसाट यायची. हुबारा म्हणजे माळढोकाच्या जातीचा पक्षी, आमच्याकडे सगळी शिकार त्याच्याचसाठी. पुरुष वाहवा करायचे. मागे तंबूत बाबांचा खलबत्ता चालूच असायचा, पण तो आवाज आम्ही जन्मापासून ऐकत आलेलो, आमच्या कानांना तो आवाजच वाटत नव्हता.

एका दुपारी बाबांनी हातातला बत्ता खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मुसब्बह, या वेळी मला नेशील ना शिकारीला?"

मला कळलं की हे वाक्य ते कित्येक दिवस तोंडात घोळवत होते.

"बाबा, जाऊन-येऊन आठ दिवस. पाणी मोजकं. तुम्हाला उंटावर चढवायचं, उतरवायचं, रात्री धरून न्यायचं... पाखरू बघू की तुम्हाला?"

"मी उंटावर नीट बसतो अजून."

"आणि तिथे करणार काय तुम्ही?"

बाबा बत्ता उचलून कुटायला लागले, पण त्या दिवशी काठावरचा घाव त्यांनी घातलाच नाही. माझं डोकं फिरलं. बैठक उठल्यावर मी मुसब्बहला गाठलं.

"तुला पाखरू धरायला कुणी शिकवलं रे? तुझ्या सासऱ्यानं?"

"मी त्यांचा मान ठेवतो, कल्थम. पण तिकडे बिनकामाचा माणूस म्हणजे उंटावर एक ओझं."

"हे त्यांच्या तोंडावर बोल."

"बोललोच की," तो म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली. पण निर्णय काही बदलला नाही. दोरीशिवाय पहिल्यांदा खतफा परतली की चौथ्या दिवशी निघायचं, तो, घानिम आणि आणखी दोघं.

पहिलं मोकळं उडवणं सकाळी ठरलं, वारा मऊ असतो म्हणून. तळावरचे सगळे पुरुष लांबच्या टेकाडावर गेले. बाबा तंबूतच राहिले. मी मध्यावर उभी राहिले, दोन्हीकडचं दिसावं म्हणून.

घानिमनं तिचा बुरखा काढला. पलीकडून मुसब्बहनं पंख फिरवले, हाक घातली. खतफा उठली, त्याच्याकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेवर तिला कळलं असावं की पायाला दोरी नाही. ती वर गेली. एक घिरटी, दुसरी, मग वाऱ्याबरोबर पुढच्या टेकाडापलीकडे.

"खतफा! हो! खतफा!"

"जोरानं ओरड," घानिम म्हणाला, "बसऱ्यात अजून ऐकू गेलं नाही."

थोड्या वेळानं घानिमही थट्टा करेनासा झाला. सूर्य वर आला. मुसब्बहचा आवाज बसला, तरी तो पंख फिरवतच होता. ती मधूनच ठिपक्याएवढी दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. रागावले होते मी त्याच्यावर, पण त्याचा तो फाटलेला घसा ऐकून राग राहिला नाही. तीन दिवस खड्ड्यात, चाळीस दिवस मुठीवर, आणि आता हे.

मी धावत बाबांकडे गेले.

"गेली, बाबा. त्याच्या हाकेला येत नाही."

"दिसतेय का?"

"मधूनमधून. उंच आहे."

"म्हणजे गेली नाही. काहीतरी शोधतेय." बाबा ताठ बसले. "रोज येते आणि आज नाही. रोज असतं आणि आज नाही, असं काय आहे? बघ, कल्थम. तूच बघत असतेस तिला."

दोरी नाही, एवढंच मला सुचलं. सकाळ आहे, दुपार नाही. पाहुणे नाहीत, बैठक नाही. माझी नजर खलबत्त्यावर गेली. तो सकाळपासून पालथा पडला होता.

"बाबा, कुटा!"

"काय?"

"कॉफी कुटा!"

"तंबूत कुत्रं नाही प्यायला. कुणासाठी कुटू?"

"तिच्यासाठी! कुटा हो, नंतर मला वेडी म्हणा!"

बिया भाजायला वेळ होता कुठे! मी कच्च्याच मूठभर टाकल्या. बाबांनी चाचपून बत्ता घेतला. दोन आत, एक काठावर. टण्ण. पुन्हा टण्ण. मी बाहेर उभी राहून आकाश बघत होते, डोळ्यांना पाणी आलं. काही नाही. "थांबू नका," मी ओरडले. बाबा असे कुटत होते की काठाला चीर जावी.

आणि मग ती आली. टेकाडावरून, मुसब्बहच्या डोक्यावरून, त्याच्या पंखांकडे ढुंकूनही न बघता ती तळावर आली, दोनदा फिरली आणि आमच्या तंबूच्या कण्यावर उतरली. तिथून उडी मारून खाली, खलबत्त्यापासून दोन हातांवर. मान लांब केली, पाय बदलला. जेवण कुठाय, असं विचारल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली.

मी हळूच म्हटलं, "बाबा, समोर आहे तुमच्या."

बाबांनी डोक्याचा रुमाल ओढून मुठीला गुंडाळला आणि मूठ जमिनीलगत पुढे केली. मी सशाची तंगडी त्यांच्या बोटांत दिली. खतफा त्यांच्या मुठीवर चढली. बाबांनी दुसऱ्या हातानं तिच्या पायातला चामडी पट्टा हळूच शोधला आणि बोटांत धरला. चाळीस दिवसांनी त्यांच्या हाती ती पहिल्यांदा आली होती.

"भारी आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं मी पाखरं शिकवली, कल्थम. वाटायचं, हाक मारतो म्हणून येतात. आणखी काय काय ऐकत असतील, कधी विचारच केला नाही मी."

मुसब्बह धापा टाकत पोहोचला. मागून घानिम.

"कॉफी प्यायला आली होय!" घानिम हसून हसून वाळूत बसला. "मुसब्बह, तू ससाणी नाही शिकवलीस, पाहुणी शिकवलीस!"

मुसब्बह हसला नाही. त्या मुठीकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नव्यानं शिकवायची तर महिना जाईल. हंगाम जाईल."

मला नेशील ना, हे दुसऱ्यांदा विचारणारे बाबा नव्हते. मी भावाकडे असं बघितलं की बुरख्यातूनही त्याला कळलं असेल.

चौथ्या दिवशी त्यानं स्वतः उंट बसवला, स्वतः खोगिरावर दुहेरी घोंगडी घातली आणि बाबांना हात देऊन चढवलं. खलबत्ता बाबांच्या मांडीवर. आठ दिवसांनी ते नऊ हुबारे घेऊन परतले. खतफा लांब गेली की बाबांनी माळरानावर कॉफी कुटायची, आणि ही हजर. घानिम शपथेवर सांगायचा की आयुष्यात एवढी कॉफी तो कधी प्यायला नाही. मुसब्बह मात्र वाटेत प्रत्येक गोष्ट बाबांना विचारत होता, हे मला घानिमनंच हळूच सांगितलं.

मग उन्हं तापायला लागली. उन्हाळ्यात पाखरू ठेवत नाहीत आमच्यात, होरपळून मरतं. मुसब्बहनं तिला पोटभर चारलं, पायातले पट्टे कापले आणि टेकाडावरून उडवलं. ती वर गेली, आणि फिरून तळावर येऊन घिरट्या घालायला लागली.

बाबांनी खलबत्ता पालथा करून त्यावर घोंगडी टाकली.

तीन दिवस आमच्या घरात कॉफी कुटली गेली नाही. पहिल्या दिवशी परक्या तळावरचे दोघे आले, दूध-खजूर खाऊन गेले, आणि जाताना एकमेकांकडे बघितलं त्यांनी. हुवैदिनच्या घरी खलबत्ता मुका! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना ते बघणं दिसलं नसेल, पण पाहुण्यांचं गप्प राहणं नक्की ऐकू गेलं. ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. दर थोड्या वेळानं विचारायचे, "आहे का अजून?" मी वर बघून सांगायची, "आहे."

एकदा ती अगदी खाली आली, कण्याला पंख लागेल इतकी. बाबांना पंखांचा आवाज आला. त्यांचा उजवा हात घोंगडीकडे गेला आणि डाव्या हातानं त्यांनी तो धरून ठेवला. दोन घाव घातले असते तर ती त्यांच्या मुठीवर असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला.

"आहे का?"

मी खूप वेळ बघितलं. मुसब्बहही बाहेर येऊन उभा राहिला, कपाळावर हात धरून.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "उत्तरेला गेली."

तो आत आला, घोंगडी काढली, खलबत्ता सरळ करून बाबांच्या गुडघ्यांमध्ये ठेवला. मी भाजलेल्या बिया दिल्या. बाबा नुसते बत्ता धरून बसले होते.

"आता कुटा," मुसब्बह म्हणाला. "लोक यायचेत. आणि थंडीत नवीन पाखरू आणलं की पहिल्या दिवशी तुमच्याच हातात देईन."