पेढ्यांनंतरची फेरी

पौषातल्या कोवळ्या उन्हात बाबांच्या चपलांचा आवाज जिना उतरू लागला, की नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत खऱ्या अर्थाने दिवस उजाडे. ते चालत तसेच बोलत: ठाम, सावकाश, आणि प्रत्येक दाराशी थोडे रेंगाळत. उभी हयात छापखान्यात कागद उजेडाशी धरून तपासण्यात गेली, त्यामुळे कुणाचेही बोलणे ऐकताना त्यांचे डोळे नकळत बारीक होत, जणू शब्दाशब्दातला डाग ते शोधत आहेत. लेकीच्या बाबतीत मात्र हा पारखी माणूस पुरता भोळा होता.

त्या लेकीने, म्हणजे मी, अतिदूरच्या आकाशगंगांचा प्रकाश तपासून एक दावा केला होता. विद्युत आणि प्रकाश यांच्यातली ओढ सांगणारा निसर्गाचा जो अंक पाठ्यपुस्तके अचल मानतात, तो अब्जावधी वर्षांपूर्वी किंचित वेगळा असावा, असे आमच्या गटाला दिसले होते. फोनवर बाबांना एवढेच कळले, की विश्वाची चोरी आपल्या पोरीने पकडली. त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले.

मग उमगले, की दोष आमच्या यंत्राचा होता. मोजपट्टीच जराशी सरकलेली. आम्ही शोधनिबंध मागे घेतला आणि मी तोंड लपवायला घरी आले.

बाबांना सांगताना मी इतिहासाचा आडोसा घेतला. म्हटले, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका थोर शास्त्रज्ञालाही वाटले होते, की विश्वाचे वय वाढते तसे गुरुत्वाकर्षण क्षीण होत जाते. पुढे निसर्गाचे असले अंक खरेच बदलतात का हे पाहायला लोकांनी चंद्रापर्यंत लेसर पाठवून अंतरे मोजली, आफ्रिकेच्या भूगर्भात युगांपूर्वी आपोआप धगधगलेल्या युरेनियमचे अवशेष तपासले, आणि एवढ्या खटाटोपातून खात्रीचा म्हणावा असा बदल आजवर कुणाच्या हाती लागला नाही. म्हणजे फसलेली मी काही एकटी नाही. माझ्या आवाजातली वकिली माझी मलाच ऐकू येत होती.

बाबा उठले. इस्त्रीचा सदरा घातला.

"छापखान्यात खराब कागद ज्याच्या हातून पुढे जाई, तोच तो परत आणायला जाई," ते म्हणाले. "पेढे मी वाटले. चल."

मला हे हात दाखवून अवलक्षण वाटत होते, तरी गेले. दारोदार ते एकच सांगत राहिले, "पोरीचं मोजमाप चुकलं होतं, बरं का. काही बदललेलं नाही." आणि त्यांच्या पाठीमागे मी, चाळिशीतली बाई, शिक्षा झालेल्या पोरीसारखी खाली मान घालून. कुणी हसले, कुणी चहाला बसवले, कुणाला पेढे तेवढे आठवत होते. कुणी रागावले असते तर बरे झाले असते. त्या मायेनेच मी अधिक खजील होत गेले.

शेवटचे दार अप्पाकाकांचे. मूळचे कळवणचे, छापखान्यात बाबांच्या शेजारी उभे राहून काम करत निवृत्त झालेले. ते दिवाळीआधीच गेले होते. बाबांना ते ठाऊक होते, पण त्यांनी ते घर गाळले नाही.

काकूंनी दार उघडले. सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असू द्या दादा. ह्यांना लय कौतुक व्हतं तिचं. शेवटी दवाखान्यात पण नर्सबाईला तेच सांगत व्हते, आमच्या पोरीनं शोध लावला म्हणून."

बाबा आत गेले. हार घातलेल्या तसबिरीसमोर उभे राहिले. "अप्पा, पोरीचं..." एवढे म्हणाले आणि तसबिरीवरचा हार सरळ करू लागले. मी ते वाक्य पुरे करायला हवे होते. मी ते केले नाही.

विझून गेलेल्या ताऱ्याचा प्रकाशही युगे ओलांडून आपल्यापर्यंत येतो. आपली दुरुस्ती मात्र गेलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. अप्पाकाका ज्या विश्वातून गेले, त्यात तो अंक बदललेला होता, आणि तो मी बदलला होता.