काळीची गाडी

चार दिवसांपासून झड लागली होती. कारंज्याच्या देवकाबाईंच्या अंगणात पाय टाकला की चप्पल चिखलातच राहायची. कोंबड्यांचं खुराडं गळायला लागलं. त्यांनी आत राख पसरली, वर पोती टाकली, पाण्यात हळद घातली. तरी काळी कोंबडी शिंकायलाच लागली. आता कोरडी, बिनवाऱ्याची जागा एकच उरली होती. टिनाच्या शेडमध्ये मुलाची, अंकुशची, गाडी उभी होती. मागच्या सीटवर कुटार, म्हणजे कोरडा भुसा, अंथरून देवकाबाईंनी सगळ्या कोंबड्या आत बसवल्या.

सकाळी अंकुशनं दार उघडलं आणि ओरडलाच, "माय! हे गाडी हाय का खुराडं?"

"वारा नाई लागत त्यात. काच जराशी खाली ठेवली होती मी, जीव गुदमरू नये म्हून."

"अवं, आज साहेबाले वर्ध्याले न्यायचं हाय मले!"

"मंग? साहेब पुढं बसन."

अंकुशनं कोंबड्या हाकलल्या, सीट घासली, उदबत्त्या लावल्या. त्याच्या कचेरीचे साहेब, प्रभाकरराव, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक स्वभावाचे. गाडीत पुढं, अंकुशच्या शेजारी बसताच त्यांनी विचारलं, "आज पूजा होती का?"

"हो साहेब."

थोडं पुढे गेल्यावर एक बारीक शिंक ऐकू आली.

"सर्दी झाली का तुला?"

"हो साहेब," म्हणत अंकुशनं घाईनं नाक पुसलं.

पुढच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. रांगेत थांबावं लागलं. अंकुश मीटिंगच्या फायलींबद्दल सांगत होता, तेवढ्यात पुन्हा शिंक आली. या वेळी तोंड त्याचं उघडं होतं आणि शिंक दुसऱ्याचीच होती. प्रभाकररावांनी मान वळवली. सीटखालून काळी बाहेर आली आणि फडफडत थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसली.

साहेबांनी दोन्ही हात वर केले. "चावते का?"

"नाई साहेब. काढू का?"

"थांब! हलू नकोस. तीही हलेल."

पाणी उतरेना. बाहेर गारठा होता आणि काळीचं अंग उबदार होतं. हळूहळू साहेबांचे हात खाली आले, मग मफलर काढून त्यांनी तिच्याभोवती गुंडाळला. अंकुशनं फाइल उघडताच ते कुजबुजले, "हळू बोल. डोळा लागला तिचा."

दुपारी फोन आला. पावसामुळे मीटिंग रद्द झाली होती. गाडी घरी परतली तेव्हा देवकाबाई चिखलातून धावत आल्या.

"साहेब, तिले वारा त नाई लागू देला ना?"

कचेरीत कोणालाही जाब न देणारे प्रभाकरराव चटकन म्हणाले, "नाही हो बाई, काच वर होती."

रविवारी उघाड पडली. अंकुशनं विटांवर फळ्या ठेवून उंच खुराडं बांधायला घेतलं. न बोलावता प्रभाकरराव आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते ताडपत्रीचं एक टोक धरून उभे राहिले.

"ताणून धरा, साहेब! जेवले नाई का सकाळी?" देवकाबाई ओरडल्या.

अंकुशला हसू दाबता येईना. साहेबांनी ताडपत्री आणखी ओढली, पाय घसरला आणि ते चिखलात बसले. उठण्याआधी त्यांनी विचारलं, "काळी कशी आहे?"