नागेंद्रअण्णांच्या नावानं सोडलेलं गोड

नागेंद्रअण्णा गेले तेव्हा सुवर्णाआक्कांनी नवऱ्याच्या नावानं गोड सोडलं. साखर आणि गूळ, दोन्ही. लोक अशा वेळी कारलं सोडतात, नाहीतर फणस, म्हणजे वर्षभर आठवणही येत नाही. आक्कांना असली लबाडी जमणारी नव्हती. अण्णा संकेश्वरच्या ऊसवाल्या घरातले, आमटीत गुळाचा खडा नसला तर ताट पुढं सारणारे. त्यांच्या नावानं सोडायचं तर गोडच सोडायला हवं होतं.

या सोडण्याचा एक फायदा झाला, तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. मुलगा रविराज पुण्याला, टिळकवाडीच्या घरात त्या एकट्या. वर्ष सरलं तसं अण्णांचा विषय कुणी काढेना. जुन्या दुःखाला कशाला हात लावा, असं लोकांना वाटत असावं. पण कुठं बारशाला गेलं आणि पेढा नाकारला की समोरची बाई हमखास विचारायची, "का हो?" आक्का म्हणायच्या, "ह्यांच्या नावानं सोडलंय." मग कुणीतरी म्हणायचं, "नागेंद्रअण्णा लई भला माणूस." एवढं ऐकायला मिळावं म्हणून आक्का एकही आमंत्रण चुकवत नसत.

एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा, म्हणून दुपारी त्या कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात जाऊ लागल्या. मालकीण ऋतिका, वडगावच्या विणकराची मुलगी, बेंगळुरात शिकून आलेली. तिच्याकडं दूध, दही, तूप काहीच नाही, सगळं झाडापाल्याचं आणि म्हणे निरोगी. आक्कांचा हिशेब सरळ होता. दूध नाही तिथं पेढा नाही, बासुंदी नाही, म्हणजे गोडाची भीती नाही. शेवटी येणारी नारळाच्या दुधाची खीर तेवढी त्या परत पाठवत. अण्णा गेल्यापासून घशाखाली न उतरणारं जेवण इथं उतरायला लागलं. पायांवर सूज येत होती, ती वयाच्या नावावर टाकून त्या मोकळ्या झाल्या.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. आक्कांनी सहज विचारलं, "पोरी, ह्या भोपळ्याच्या भाजीत घालतीस तरी काय? माझ्या हातची अशी हुत न्हाय."

ऋतिका खुलली. समोरची खुर्ची ओढून बसली. "सांगते की आक्का. तूप न्हाय, साय न्हाय, मग चव कुठनं यायची? तेल सैल हातानं सोडायचं, मीठ जरा वर, आणि गुळाचं पाणी. भाजीत, आमटीत, कोशिंबिरीवरच्या चटणीत तर लईच."

"गूळ? सगळ्यात?"

"सगळ्यात. साखर मात्र चिमूटभर न्हाय हं. बोर्डावर लिवलंय की, साखर वापरत न्हाय म्हणून."

आक्कांचा घास तोंडातच राहिला. या ऊसपट्ट्यात गुळाला कुणी साखर म्हणत नाही, त्याही म्हणाल्या नसत्या. पोरीचा राग आला, पण त्याहून स्वतःच्या जिभेचा आला. गुऱ्हाळावर वाढलेली जीभ ती, तिला कळू नये? की कळलं होतं आणि जेवण गोड लागतंय म्हणून गप्प बसली होती? हा विचार फार वाईट होता.

"बोर्डावर गुळाचंबी लिवायचं हुतंस बाई," एवढं म्हणून त्या उठल्या.

"आक्का, शुगर हाय व्हय तुमाला?" ऋतिका घाबरली.

"न्हाय गं," आक्का म्हणाल्या, आणि जेवणाचे पैसे ठेवून बाहेर पडल्या.

घरी येऊन त्या पलंगावर टेकल्या. गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण उद्या कुठं पेढा नाकारून "सोडलंय" म्हणणं खोटं झालं असतं, आणि खोटं बोलून लोकांकडून अण्णांचं नाव मागून घेणं त्यांना नको होतं. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"रविराज, माझं गोड मोडलं रं," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा रागावेल, बापाच्या आठवणीनं हळवा होईल, निदान दोन शब्द त्यांच्याबद्दल बोलेल असं वाटत होतं.

"बरं झालं आई," रविराज म्हणाला. "लई ताणलंस. आता सगळं खात जा. मीटिंग हाय, ठेवतो गं."

पोरगं प्रेमानंच बोललं होतं, म्हणून तर जास्त लागलं. एकदा मोडलेलं पुन्हा सोडता येत नाही. आता पेढा पुढं आला की तोंडात टाकायचा. कुणी "का हो" विचारणार नाही, आणि अण्णांचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही.

त्यांनी स्वतः ते नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, बायकांनी दार अडवलं म्हणून. पुढचा सगळा संसार 'अहो' आणि 'हे' यांवर निभावला. लोक नाव घेत होते, तेवढं पुरत होतं.

"नागेंद्र," आक्का म्हणाल्या.

लाज वाटली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं.