काडीतलं बिऱ्हाड

काडी उघडली की मुंग्या पळतात. पिवळ्या मात्र बसून राहतात.

माझं कामच ते: वाळक्या काड्या चिरायच्या, आतलं बिऱ्हाड काचेखाली ठेवायचं आणि बघत बसायचं. भिंगातून बघता बघता खोली विरघळते आणि मी त्या काडीतच राहायला जाते. आतल्या मुंग्या तपकिरी असतात. अधूनमधून एखादी मधासारखी पिवळी. तिच्या पोटात कृमी असतो. ती काम करत नाही, बाहेर जात नाही, लवकर म्हातारीही होत नाही. बाकीच्या तिला भरवतात, चाटतात, उचलून फिरवतात आणि स्वतः आधी मरतात. सुतारपक्ष्याने चोच मारली तरी ही हलत नाही, कारण कृमीला त्याच्याच पोटात जायचं असतं.

"आमच्याकडेही आहे एक," मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना म्हटलं. मॅडम हसल्या.

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'राजे' म्हणतात, ते काही उगाच नाही. चाळिशी आली तरी गाल गुळगुळीत. खाल्लेलं त्याच्या अंगी लागतं, केस माझे पिकतात.

मॅडमनी मला डोंगरावरच्या नव्या प्रयोगशाळेत जागा देऊ केली होती. राहायला एकच खोली. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मला जायचं होतं, अगदी मनापासून. स्वतःसाठी इतकं काही मला कधी हवंसं वाटलंच नव्हतं.

"मॅडम, कृमी पिवळीच्या पोटात. मग बाकीच्या का वेड्यासारख्या राबतात?"

"तिचा वास बदलत असेल. नक्की कुणाला ठाऊक नाही."

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. स्वयंपाकघर मधात बुडाल्यासारखं पिवळं झालं होतं आणि चक्क गॅसपाशी राजे उभे!

"मी चाललेय. डोंगरावर, कायमची," मी एका दमात सांगून टाकलं.

"जा की, ताई. केव्हाच जायला हवं होतंस."

"आणि खाशील काय? तुला साधं अंडं उकडता येत नाही!"

"येतं गं. तू कामावर गेलीस की रोज उकडतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

पातेल्यात पाणी खदखदत होतं. त्याने डाव अगदी नीट धरला होता. माझ्या पायात अजून चपला होत्या आणि मागे दार उघडंच होतं.

"सरक तिकडे," मी त्याच्या हातातून डाव हिसकावून घेतला. "भाजशील."