बळीरामचा हुंकार

कॉलेजातल्या अस्मिता मॅडमनं माझ्या ड्रायव्हरच्या, बळीरामच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली तेव्हा तो मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा दिसू लागला. फक्त नवरदेव छप्पन्न वर्षांचा. समोर नुसतं स्टेअरिंग, पायाखाली ब्रेक आणि बसच्या जागी एक पडदा. पडद्यावर रस्ता पळत होता.

मला शेजारी बसवलं होतं. माझं काम बोलण्याचं. ते मी नागपूर-उमरेड गाडीवर तिकिटं काढता काढता अठरा वर्षं करत आलो होतो, आणि तक्रारही त्याचीच झाली होती. दिघोरीला गाडी एका ऑटोला घासली. एका प्रवाशानं लिहून दिलं, कंडक्टर सारखा ड्रायव्हरच्या कानाशी बडबडतो. डेपोनं आम्हाला या कॉलेजात मेंदूच्या तपासणीला धाडलं. माझ्या बोलण्यानं ब्रेक उशिरा लागतो असं निघालं, तर बळीरामनं रिटायर होईपर्यंत गाड्या धुवायच्या. जीभ माझी, स्टेअरिंग त्याचं.

आज अगदी मिळमिळीत काहीतरी सांगायचं, असं ठरवूनच मी गेलो होतो. पण तोंड उघडलं आणि उमरेडचा वाघ बाहेर पडला. हा वाघ दर पोळ्याला आमच्या गाडीत चढतो, ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागतो आणि आधार कार्ड विचारलं की खिडकीबाहेर पाहतो. बळीराम नेमक्या जागी "हं" म्हणत होता, मधूनच "मंग?" विचारत होता. पडद्यावर सायकलवाली पोरगी आडवी आली, ब्रेक. गाय आली, ब्रेक. वाघ तोवर दिघोरीला पोचला होता.

मग मॅडमनं त्याच्या बायकोला फोन लावला. जयवंतावहिनींनी एवढंच विचारलं, की टाकीचा नळ बंद केला होता ना? बळीरामनं पडद्यावरची म्हैस सरळ उडवली.

फोनवर बोलत गाडी चालवायची नाही, मॅडमनं बजावलं. माझ्याबद्दल मात्र त्या म्हणाल्या की हे काका गप्प असले काय अन् बोलले काय, ब्रेकला वेळ तेवढाच लागतो. सहज त्यांनी बळीरामला विचारलं, वाघाचं शेवटी काय झालं?

"कोणता वाघ?" बळीराम म्हणाला.

बाहेर आल्यावर केसांतला त्या टोपीचा चिकट लेप पुसत तो बराच वेळ माझ्याकडं पाहीना. "राग नको मानू गा नानाजी. पयलं वर्षभर आयकलं मी. मंग नुसता हं म्हणत गेलो."

स्टेअरिंग वाचलं होतं. मी पेढे वाटायला हवे होते. दुपारच्या गाडीत तिकिटं संपवून केबिनजवळ टेकलो, तर पाय असे दुखत होते की जणू अठरा वर्षं उमरेडला चालतच गेलो. माझ्या गोष्टींतले वाघ, हडळी, मगरी, सगळे एकदम म्हातारे झाले.

विहीरगाव गेल्यावर बळीराम म्हणाला, "बोल ना गा."

"तू कुठं आयकतं?"

"नाई आयकत. पण तू चूप बसला की गाडी खाली खाली वाटते."

कुणी ऐकणारच नव्हतं, म्हणून खरं सांगायला हरकत नव्हती.

"यमू घरी नाई राहत, तिकडं बेसा गावाले लेकीकडं राहते," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाले. माह्याशी बोलत नाई. माह्या डब्यातली भाजी तू रोज यमुवैनीच्या हातची म्हणून खातं ना, ते मीच करतो. शेजारच्या बाईले इचारून इचारून शिकलो."

"हं" आला नाही.

मागून बायांचा गलका झाला. पाचगावचा थांबा मागं गेला होता. बळीरामनं करकचून ब्रेक दाबला, उभे होते ते सगळे एकमेकांवर आदळले. त्यानं मान वळवली नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच.

"नानाजी," तो हळूच म्हणाला, "मंग?"

"मंग काई नाई. रस्त्याकडं पाह्य."

मी दार उघडलं. एक म्हातारी कण्हत उतरली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, आम्हा दोघांकडं एकदा पाहिलं आणि पाचगावकडं उलटी चालू लागली. ती पुरेशी लांब जाईस्तोवर थांबून मी दोनदा घंटी मारली, आणि उमरेड येईपर्यंत तोंड उघडलं नाही.